गाळाचे कण कसे मोजतात?

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. पावसाळ्यात नदीचे पाणी तांबडे होते. ती सह्याद्रीवरून धुऊन आलेली माती. नदी ती रेवदंड्याच्या खाडीकडे नेते.

जड रेती वाटेत आधी बसते. बारीक माती पुढे खाडीपर्यंत जाते. खाडीकाठी हीच माती खणून खारबंदीचा बांध घालतात. बांधात रेती फार झाली तर पाणी झिरपते. झिरपता झिरपता खांड पडते. उधाणाचे खारे पाणी एकदा शेतात शिरले, की त्या सालचे भात तर गेलेच, पुढच्या पिकाचाही भरवसा नाही. म्हणून आधी माती पारखावी.

जाणती माणसे माती ओली करून बोटांत चोळतात. खरखरली तर रेती. पिठासारखी मऊ लागली तर पोयटा. चिकटली, तिची वळी झाली, तर चिकणमाती. ही परीक्षा खोटी नाही. पण कोणती किती, ते तिने कळत नाही.

रेतीचा मोठा कण 2 मिलिमीटर, म्हणजे ठसठशीत मोहरीएवढा. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून लहान. असे 500 कण ओळीने मांडले तरी 1 मिलिमीटर भरायचा नाही! याला चाळण कुठली आणणार? म्हणून पाण्यालाच चाळण करतात. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1851 साली याचा नियम मांडला. कण दहापट मोठा, तर तो शंभरपट वेगाने बुडतो.

काचेची उभी बरणी घ्या. माती वाळवून फोडा, खडे काढा. बोटभर माती, चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. तळापासून 10 सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत, गोडे पाणी भरा. खूप हलवा आणि ठेवून द्या. 5 मिनिटांनी तळाशी बसली ती रेती. तिथे खूण करा. 8 तासांनी तिच्यावर बसला तो पोयटा. तरीही पाणी गढूळ दिसते ना? ती चिकणमाती. ती बसायला कित्येक दिवस लागतात. हा अंदाज झाला. प्रयोगशाळेत प्रत्येक भाग वाळवून तोलतात.

खाडीची माती मात्र फसवते. मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळा होतात नि भराभर बसतात. मग चिकणमाती पोयट्यात मोजली जाते. म्हणून अशी माती आधी गोड्या पाण्यात ढवळा. निवळले की वरचे पाणी ओता, पुन्हा नवे घाला. असे करता करता पाणी लवकर निवळेनासे झाले, की मीठ गेले समजा. मग मोजायला बसा.