टाचणी आधी काढ

बस भो, आधी चहा घे. बियाण्याचं दुकान तुझ्या हाती आलं, स्कॅनर आणलास, बरं केलंस. पण काल पिनेसकट बिल यंत्रात सरकवलंस, ते मी गल्ल्यावरून पाहिलं. आतली काच एकदा ओरखडली की पुढच्या प्रत्येक पानावर उभी रेघ उमटते, आणि ती नेमकी रकमेवरच बसते. म्हणून टाचणी, स्टेपल, दोरा, सगळं आधी काढायचं. बिलबुकाची पातळ कार्बन पानं फीडरमध्ये फाटतात. ती एकेक करून काचेवर ठेव. 300 डीपीआय पुरे. निव्वळ काळं-पांढरं मात्र निवडू नकोस, त्यात जांभळा शिक्का आणि निळी सही पुसट होते. रंगीत ठेव. फाइल जड झाली तर होऊ दे.

भुईकाट्याची पावती आली की त्याच संध्याकाळी स्कॅन. ती शाईनं छापलेली नसते, उष्णतेनं उमटलेली असते. आपल्या खान्देशातलं ऊन, तेलकट बोटं, प्लॅस्टिकचं पाकीट, यातलं काहीही तिला फिकं पाडतं. एका वर्षी कापसाच्या वजनावरून एका व्यापाऱ्याशी वाद झाला. मी ऐटीत पाकीट काढलं, तर आत कोरा पांढरा कागद. चांगली जपून ठेवली होती, त्यानंच घात केला. हिशेब त्याच्या वहीप्रमाणे झाला.

आता आपल्या धंद्याचं खरं दुखणं ऐक. बियाणं जूनमध्ये जातं आणि तक्रार येते बोंडं धरायच्या वेळी. बियाणे नियंत्रण आदेश 1983 चा आहे; बियाणं विकलं की बिल द्यावंच लागतं. शेतकऱ्याकडचं बिल पावसात भिजलेलं असतं, पिशवी बांधावर गेलेली असते. मग तो आपल्याकडे येतो. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे तो पुढच्या हंगामातही येऊ शकतो. त्या दिवशी ‘पाटील’ म्हणून शोधलंस तर आपलं निम्मं पहूर गाव निघेल! फाइलच्या नावात आधी तारीख, तीही उलटी, 2025-06-12 अशी, म्हणजे संगणक आपोआप ओळीनं लावतो. मग गाव, मग बिल क्रमांक. लॉट नंबर एक्सेलच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिही. एका बिलावर चार लॉट असले तर चार ओळी. कंटाळा येतो, मान्य. छापील मराठी यंत्र बऱ्यापैकी वाचतं, पण माझं अक्षर वाचणार नाही. ते तुलाच वाचावं लागेल.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, एकदा जाऊन ये. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. गावोगाव हिंडून त्यांनी जुने कागद मिळवले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. जुन्या पत्रावर साल नसलं की ते कुठं बसवायचं, याचा काथ्याकूट विद्वानांना वर्षानुवर्षं करावा लागतो. तू नुसतं ‘स्कॅन 0047’ असं नाव दिलंस तर त्यांच्यासारखाच बसशील, फक्त विद्वत्तेशिवाय.

जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवायची. 2023-24 चं विवरण 31 डिसेंबर 2024 ला होतं, म्हणजे ती बिलं 31 डिसेंबर 2030 पर्यंत. अपील चालू असेल तर त्याहून पुढे. फोल्डर एप्रिल ते मार्चचेच कर. माझ्या बापाच्या वह्या दिवाळी ते दिवाळी आहेत; 1989 पासून आयकरासाठी सगळ्यांना हेच एप्रिल-मार्चचं वर्ष लागलं. त्या लाल वह्या या हिशेबात कोंबू नकोस. वेगळ्या ठेव, शिवण उसवू नकोस, हवं तर वरून मोबाइलनं फोटो काढ.

स्कॅन झालं म्हणून सगळंच रद्दीत घालू नकोस. खरेदीखत, मृत्युपत्र, वचनचिठ्ठी ही मूळच जपायची. मृत्युपत्राला तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानंच बाहेर ठेवलं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. संगणकातली नोंद कोर्टात दाखवायची तर कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. सातबाऱ्याचा मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नकोस, डिजिटल सहीचा उतारा उतरवून घे.

आणि ते व्हॉट्सअॅप! बिलाचा फोटो तिथून पाठवला की बारीक आकडे विरतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. गिऱ्हाइकांच्या आधारचे फोटो मोबाइलात साठवू नकोस. कागद लागलाच तर आकडे झाकलेलं आधार माग.

संगणकाच्याच खणात ठेवलेल्या पेनड्राइव्हला मी प्रत मानत नाही. चोर दोन्ही एकदम नेतो. एक प्रत दुकानात, एक क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर जळगावला ताईच्या कपाटात. दर अमावास्येला, पूजेआधी, मागच्या एखाद्या वर्षातली एक फाइल उघडून बघ. उघडली तर नारळ फोड.

चहा थंड झाला बघ. माळ्यावरची 2019 ची पेटी खाली काढ, आधी धूळ झटक. टाचण्या या डबीत टाक, मला लागतात.