नणंद सरोगसीला तयार आहे, पण...

प्रश्न : माझं गर्भाशय काढलंय, अंडाशय शाबूत आहेत. नणंद आमचं बाळ पोटात वाढवायला तयार आहे. कायद्यात बसतं का?

उत्तर : बसतं. २०२१च्या सरोगसी कायद्यानुसार नणंद २५ ते ३५ वर्षांची, विवाहित, स्वतःचं मूल असलेली हवी. आधी सरोगेट झालेली नसावी. गर्भ तुमच्या अंड्यातून नि पतीच्या शुक्राणूतून तयार होईल. नणंदेचं अंडं चालत नाही. वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा तुमच्याकडे. मोबदला देणं मात्र गुन्हा. जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि पालकत्वाबाबत न्यायालयाचा आदेश आधीच मिळवा. नणंदेला समुपदेशकाशी एकटीला बोलू द्या. घरच्या भिडेपोटी दिलेला होकार टिकत नाही, आणि गर्भ रोपण्यापूर्वी तिला तो मागे घेता येतो.