रुबेला : त्याची परीक्षा व प्रतिबंध

बहुतेक रोग ज्याला होतात त्यालाच पिडतात. रुबेलाची गोष्ट निराळी आहे. ज्या मुलाला हा रोग होतो त्याला बारीक ताप येतो, चेहऱ्यावर गुलाबी पुरळ उठून अंगभर पसरते, कानांमागील व मानेवरील गाठी सुजतात. आणि तीन-चार दिवसांत मूल पूर्ववत खेळू लागते. कित्येकांना तर पुरळही उठत नाही. म्हणूनच ‘जर्मन गोवर’ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या रोगाकडे वैद्यकाने दीर्घकाळ फारसे लक्ष दिले नाही.

१९४१ साली हे चित्र पालटले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली अर्भके मोठ्या संख्येने येऊ लागली. हा दोष केवळ आनुवंशिक मानावा, तर परस्परांशी संबंध नसलेल्या इतक्या कुटुंबांत तो एकाच सुमारास कसा उद्भवावा? ग्रेग यांनी मातांकडे विचारपूस केली. त्यांनी व त्यांच्या सहव्यावसायिकांनी पाहिलेल्या ७८ अर्भकांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता. १९४० मध्ये त्या देशात या रोगाची मोठी साथ आली होती.

याचा उलगडा असा : रुबेलाचा विषाणू मातेच्या रक्तातून वारेत व तेथून गर्भात शिरतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे डोळे, कान व हृदय घडत असतात. त्या वेळी संसर्ग झाल्यास गर्भपात होतो, अथवा मूल मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष घेऊन जन्मास येते. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी सुमारे २०,००० बालके जन्मली.

केवळ पुरळ पाहून रुबेलाचे निदान करता येत नाही. त्यासाठी रक्तपरीक्षा लागते. संसर्ग झाला की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्यांपैकी ‘आयजीएम’ हे प्रथम दिसते व सामान्यतः नुकत्याच झालेल्या संसर्गाची खूण मानले जाते. ‘आयजीजी’ हे मागाहून येते व पुढे वर्षानुवर्षे टिकते. पूर्वी रोग होऊन गेल्याची किंवा लस घेतल्याची ती साक्ष होय. पुरळ उठल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत केलेली परीक्षा फसवी ठरू शकते, म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा करावी लागते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत एकाच परीक्षेवर निर्णय करीत नाहीत.

रोग जडल्यावर त्यावर नेमके औषध नाही. लस हाच खरा उपाय होय. ती १९६९ पासून उपलब्ध आहे. तीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असल्यामुळे ती गरोदरपणी देत नाहीत. त्यापूर्वी निदान एक महिना घ्यावी लागते. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम गोवा, कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी व लक्षद्वीप येथे सुरू होऊन पुढे इतरत्र पसरली. नेहमीच्या कार्यक्रमात पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात देतात.

मुलाला गर्भ राहत नाही, मग त्याला ही लस कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. परंतु शाळेतून रोग घरी आणणारा मुलगा आपल्या गरोदर आईला किंवा शिक्षिकेला तो देऊ शकतो. शिवाय थोड्याच मुलांना लस दिली, तर साथी विरळ होतात, पण उरलेल्या मुली रोगापासून अरक्षित राहूनच वयात येतात व धोका उलट वाढतो. म्हणून लस सर्वांना मिळाली पाहिजे. २०१५ साली अमेरिका खंडांतील देश स्थानिक रुबेलापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले, ते याच मार्गाने.