हृदयाचा ताल बिघडला तर कोणतं औषध?


घुग्घुसमध्ये कोणी अचानक कोसळलं की आपण म्हणतो, "अटॅक आला." अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते. त्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने कधी हृदयाचा ताल बिघडतो. मग हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. माणूस बेशुद्ध पडतो, काही मिनिटांत जीव जातो. अशा वेळी डॉक्टर विजेचा शॉक देतात. तरी ताल आला नाही तर शिरेतून अमिओडॅरोन किंवा लिडोकेन देतात.

दोन्हींत चांगलं कोणतं? अमेरिका-कॅनडात दवाखान्याबाहेर कोसळलेल्या, शॉकने ताल न आलेल्या ३,०२६ रुग्णांवर तुलना झाली. निकाल २०१६ साली आला. दवाखान्यातून जिवंत घरी गेले ते असे: अमिओडॅरोनवर शंभरात सुमारे २४, लिडोकेनवर २४, नुसत्या सलाईनवर २१. फरक थोडा, त्यावरून ठाम सांगता येईना. पण ज्यांना कोसळताना कोणी पाहिलं होतं, त्यांच्यात औषधावर २८ वाचले, सलाईनवर २३. तिथे फरक दिसला. म्हणजे दोन्ही औषधं जवळपास सारखीच. मदत लवकर मिळाली तर त्यांचा उपयोग जास्त.

औषध डॉक्टर ठरवतील. ते येईपर्यंतचं काम आपलं:

१. हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर लगेच १०८ ला फोन करा.
२. कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.
३. गाडी येईपर्यंत थांबू नका. दोन मिनिटांनी दुसरीने हात लावावा.

घरी तालाची गोळी चालू असेल तर:

शेजारणीची गोळी घेऊ नका. १९८९ मध्ये कळलं की अटॅकनंतर फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या गोळ्यांनी जादा ठोके कमी झाले, पण मरणारे वाढले. ठोका शांत झाला म्हणजे धोका टळला, असं नाही.

मेटोप्रोलॉल मनाने बंद करू नका. अमिओडॅरोन असेल तर थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी वेळेवर करा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर शरीरातले क्षार घटून ताल बिघडू शकतो, लवकर दाखवा.

पुढच्या बैठकीत घट्ट उशीवर प्रत्येकीने दोन मिनिटं सराव करावा. जागत्या माणसाच्या छातीवर करू नये.