वारा गेल्यावर, कुऱ्हाड उचलण्याआधी

अगं, पडलेलं झाड कुठे पळून जात नाही. एवढी एक गोष्ट मनाशी धर, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. वादळानंतरच्या सकाळी साजगावात काय, खोपोलीत काय, कर्जतकडच्या कुठल्याही वाडीत काय, सगळ्यांना अंगण मोकळं करायची घाई असते. शेजारी सांगतो, कटरवाला गल्लीत आलाय, आत्ताच उरकून घे. या घाईत माणसं जखमी होतात. आणि एक झाड पडलं म्हणून घाबरून धडधाकट उभी चार तोडली जातात. या दोन्हींतून तू वाचावंस, म्हणून हे सगळं सांगत बसलेय.

आपण समुद्रापासून आत आहोत, आपल्याला वादळाचं काय, असं तू म्हणू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगडात शिरलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. किनारा ओलांडल्यावर ते थांबलं नाही, घाट चढून पुण्याकडे गेलं. पुढच्याच वर्षी १७ मे ला तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर नुसतं पुढून गेलं, गुजरातेत धडकलं, तरी रायगडात झाडं पडलीच. शिवाय दर मे महिन्यातला वळीव आहेच. घाटाच्या पायथ्याची आपली जमीन एकदा पावसाने भिजून मऊ झाली की मोठ्या झाडाला चक्रीवादळाची गरज उरत नाही.

तर पहिला दिवस फक्त माणसांचा. अंगणात पाऊल टाकण्याआधी दारातूनच वर बघ. फांद्यांत तार अडकलीय का? खांब कललाय का? असेल तर त्या झाडाला, त्याला टेकलेल्या कुंपणाला, खालच्या पाण्याला कुणीही हात-पाय लावायचा नाही. वीज गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं धरू नकोस. कुणाच्या घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर तीच तार उलट्या बाजूने जिवंत होते. निदान १० मीटर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर फोन कर. छपरात कुणी अडकलं असेल तर ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. हे तीन आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. मोबाइलमध्ये ठेवलेस तर त्याच दिवशी त्याची बॅटरी संपलेली असेल.

मुलांना पडलेल्या झाडावर चढू देऊ नकोस, हे अगदी कळकळीने सांगते. मोठं झाड मुळासकट उपटलं की मागे खड्डा पडतो आणि मातीसकट मुळांची गड्डी उभी राहते. बुंधा कापून त्यावरचा भार कमी झाला की ती गड्डी एका क्षणात परत खड्ड्यात बसते. खड्ड्यात तेव्हा मूल असेल तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आणि त्या ओल्या पालापाचोळ्यात घोणस, मण्यार, फुरसं निवाऱ्याला आलेलं असू शकतं. हात घालण्याआधी लांब काठीने हलव, पायात बूट घाल, साप दिसला तर सर्पमित्राला बोलाव. जूनमध्ये घरट्यांत पिल्लंही असतात. जी फांदी कुणाच्या डोक्यावर नाही, ती चार दिवस तशीच राहिली तरी चालेल.

दुसरं काम कागदाचं. तोडायच्या आधी फोटो काढ, चारही बाजूंनी, घराचा पडलेला भाग आणि झाड एकाच चौकटीत येईल असे. मग तलाठ्याला कळवून पंचनामा करून घे. बागायत असेल तर कृषी सहायकालाही बोलाव. निसर्गच्या वेळी सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली होती. ती पंचनाम्यावरूनच मिळायची होती, आणि झाडं आधीच तोडून विकलेली असली तर पंचनाम्यात लिहिणार काय? घराचा विमा असेल तर त्यांनाही फोटो लागतात.

परवानगीचंही ऐकून ठेव. साजगाव ग्रामपंचायतीत येतं, म्हणून इथे १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा नियमन कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, खैर अशी आपल्या परसातलीच झाडं आहेत. ती स्वतःच्या जागेत असली तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. पण कायदा निर्दय नाही. वाऱ्याने पडलेलं, वाळलेलं, जिवाला किंवा घराला धोका असलेलं झाड त्याने वेगळं धरलंय, अशा झाडाला परवानगी नाकारायची नसते. अर्ज कर, फोटो जोड, पोच घे. सागाचं लाकूड गाडीत घालून कुठे न्यायचं असेल तर वाहतुकीचा पास आधी विचार. खोपोली नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या मैत्रिणीला सांग की तिच्याकडे शहरांसाठीचा १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि तिने नगरपरिषदेत जायचं.

आता कटरवाल्याकडे येऊ. छोट्या फांद्या तू करवतीने आवरशील, त्याला माझी ना नाही. पण तीन कामं स्वतः करायची नाहीत, नवऱ्याला करू द्यायची नाहीत, भाच्याला तर नाहीच: तारेजवळचं, छपरावर टेकलेलं, आणि वाकून ताणात असलेलं. दोन्हीकडे दाबून वाकलेली फांदी ही ओढलेल्या धनुष्यासारखी असते, चुकीच्या बाजूने करवत लावली की ती सुटते आणि समोरच्याचा जबडा फोडते. वर अडकून लोंबणारी तुटकी फांदी तशीच घातकी. तिच्याखाली उभं राहून दोर ओढायचा नाही.

माणूस ठरवताना सगळ्यात स्वस्त कोण, हे शेवटी विचार. आधी विचार, दोर आहे का, कमरेला पट्टा आहे का, डोक्याला हेल्मेट आहे का, खाली उभा राहणारा दुसरा माणूस आहे का. आपल्याकडे झाडावर चढणारी कसबी माणसं आहेत. त्यांच्या जिवाची काळजी काम देणारीनेच घ्यायची असते. पाऊस चालू असेल तर चढायला लावू नकोस, आणि मजुरीत घासाघीस करू नकोस. ‘लाकूड आम्ही नेतो, मजुरी नको’ असा सौदा कुणी सुचवला तर सावध हो. ज्याला लाकूड हवंय त्याला सगळीच झाडं धोकादायक दिसतात. काय तोडायचं, किती पैसे, लाकूड कुणाचं, बुंध्याचे तुकडे कोण उचलणार, हे कागदावर लिहून घे. आणि जेसीबीने झाड ओढू देऊ नकोस. शेजारच्या झाडाची मुळं, पाण्याची पाइपलाइन, सगळं एका हिसक्यात जातं.

मग प्रश्न उरतो उभ्या झाडांचा, आणि माझा जीव तिथेच अडकतो. एक फांदी मोडली की लोक म्हणतात, काढून टाका. तू आधी झाडाभोवती फिर. अर्ध्याहून जास्त घेर शाबूत असेल आणि बुंधा उभा चिरला नसेल, तर ते झाड बहुधा जगतं. जुनंच कललेलं, पण शेंडा वर वळवून वाढलेलं झाड वर्षानुवर्षं तसंच उभं असतं. भीती कालपर्यंत सरळ असलेल्या आणि आज कललेल्या झाडाची. कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला माती फुगली असेल, भेगा पडल्या असतील, तर ते पडायच्या बेतात आहे. दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यातून बुंधा फाटला असेल तर तेही धोक्याचं. ही झाडं लगेच उतरवायची.

वाचणाऱ्या झाडाची मोडकी फांदी नीट काढ. आधी बुंध्यापासून हातभर पुढे खालून एक काप, मग थोडं पुढे वरून दुसरा, म्हणजे वजन पडताना साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा. फांदी बुंध्याला मिळते तिथे कडीसारखा फुगवटा असतो. त्याच्या अगदी बाहेरून काप घे, फुगवटा छाटू नकोस, खुंटही ठेवू नकोस. जखम भरून येते ती त्या फुगवट्यातूनच. आंब्याच्या जखमेला बोर्डो पेस्ट लाव: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. जखमी आंब्याला भिरूड लागतं, म्हणून पुढचे काही महिने बुंध्याशी भुसा पडतोय का ते बघत राहा. शेंडाच छाटून झाड बोडकं करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नकोस. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात आधी तेच मोडतात.

माडाचं गणित वेगळं. त्याला वाढायला एकच कोंब असतो. शेंडा मोडला की माड गेला, वाट बघू नकोस. त्याचं खोड कुजत पडू देऊ नकोस, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि चांगल्या माडांवर जातो. साग मोडला असेल तर उलट आशा ठेव. जमिनीलगत स्वच्छ कापला तर बुंध्यातून धुमारे येतात, त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे काढ. आणि मनगटाएवढ्या बुंध्याचं कोवळं कलम आडवं झालं असेल तर ते उचलता येतं, मात्र एक-दोन दिवसांत. मुळं ओल्या गोणपाटाने झाक, दोराखाली गोणपाट घालून हळूहळू सरळ कर, माती भर, तीन बाजूंनी टेकू दे, थोडा पाला कमी कर. खत घालायची घाई नको.

पण झाड का पडलं, हेही बघ. उपटलेल्या गड्डीजवळ जा आणि मुळं न्याहाळ. एका बाजूची मुळं सपाट तुटलेली दिसतील, तिथे कधीतरी कंपाउंडची भिंत, गटार किंवा शोषखड्डा खणलेला असेल. कुठे बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असतील, कुठे प्लॉट सपाट करताना दोन फूट भराव टाकलेला असेल. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि घेराच्याही बाहेर जातात. ती आपण तोडतो, दाबतो, गुदमरवतो, आणि मग दोष वाऱ्याला देतो.

ऑक्टोबर १९८७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण भागात एका रात्रीच्या वादळाने सुमारे दीड कोटी झाडं पाडली. लंडनच्या क्यू बागेतला टर्नर्स ओक नावाचा जुना वृक्ष मुळासकट उचलला गेला आणि परत जागेवर बसला. तो आधीच खंगत चालला होता. कामं इतकी होती की माळ्यांनी त्याला टेकू देऊन शेवटासाठी ठेवला. तीन वर्षांनी बघतात तर तो आधीपेक्षा जोमदार. लोकांच्या पायांनी घट्ट झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती आणि मुळांना हवा मिळाली होती. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांखालची माती मुद्दाम मोकळी केली जाते. तुझ्या फणसाखालचे ब्लॉक या वर्षी काढ, पालापाचोळा पसर, तिथे गाडी लावू नकोस.

एक अपवाद मात्र घाईचा. घरामागच्या उतारावरची झाडं एकत्र कलायला लागली, जमिनीत भेगा दिसल्या, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर जमीन सरकतेय असं समज. मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन लगेच बाहेर पड, मग फोन कर. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ते आपल्या खालापूर तालुक्याने भोगलंय. म्हणूनच उतारावरचं झाड पडलं तरी त्याची मुळं उकरू नकोस, ती मेल्यावरही काही वर्षं माती धरून ठेवतात.

आणि वर्षातून दोनदा झाडांकडे मान वर करून बघायचं ठरव. एकदा एप्रिलमध्ये, वाळक्या आणि घरावर आलेल्या फांद्या काढायला. दुसऱ्यांदा कार्तिकी एकादशीच्या सुमारास, आपल्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेची दुकानं लागतात तेव्हा. पावसाळा संपलेला असतो, बुंध्यावरची अळंबी, भेगा, भुसा तेव्हा स्पष्ट दिसतो. शंका आली तर रोह्याजवळच्या किल्ला गावातल्या कृषी विज्ञान केंद्रात विचार.

गेलेल्या झाडाच्या जागी नवं लाव, पण गुलमोहर घराजवळ नको, त्याच्या फांद्या ठिसूळ. बकुळ, ताम्हण, करंज आपल्या मातीतली आहेत. भिंतीपासून वीस फूट सोड, वर तार नाही ना ते बघ. रोपवाटिकेत उंच रोपाच्या मोहात पडू नकोस, छोटंच घे, आणि पैसे देण्याआधी पिशवी सोडवून मुळं बघ. आत गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप परत ठेव. तशी मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरतात, आणि वीस वर्षांनी ते झाड तुझ्या मुलीच्या छपरावर येतं.