क्रेनचे चाक आणि रूळ यांचा मेळ



मागच्या सत्रात दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही पीथमपूरच्या एका कारखान्यात गेलो होतो. तेथे शेडच्या दोन्ही बाजूंना, उंचावर, एकेक रूळ होता. त्या दोन रुळांवर आडवा लोखंडी पूल चालत होता. पुलावर हूक असलेली ट्रॉली. हीच ओव्हरहेड क्रेन. आपल्या एका विद्यार्थिनीचे वडील तेथे फिटर आहेत. त्यांनी मुलांना विचारले, "पूल ८ टनांचा, ट्रॉली २ टनांची, हुकाला १० टन माल. पुलाला चाके ४. सांगा, एका चाकावर भार किती?"

मुलांच्या आधी आम्हीच बोललो, "५ टन!"

ते हसून म्हणाले, "सर, माल बरोबर मध्यभागी असेल तर तुमचे उत्तर खरे. पण माल रोज मध्यभागी थोडाच असतो?"

आम्ही गप्प झालो. हिंदी माध्यमातून पदवी घेतली तेव्हापासून आम्हाला प्रत्येक गोष्टीची 'औसत' काढण्याची सवय. पण चाकाला सरासरी भार कधीच उचलावा लागत नाही. त्याला त्या क्षणीचा भार उचलावा लागतो. शाळेत परतल्यावर फळ्यावर केलेला हिशेब येथे देत आहोत.

पहिला हिशेब : भार

दोन रुळांमधले अंतर १६ मीटर धरू. पुलाचे वजन दोन्ही बाजूंना सारखे, म्हणजे प्रत्येक रुळावर ४ टन. ट्रॉली आणि माल मिळून १२ टन. ट्रॉली एका रुळापासून फक्त १ मीटरवर आली, तर तरफेच्या नियमाने जवळच्या रुळावर १२ × १५ ÷ १६ = ११.२५ टन येतात. त्यात पुलाचे ४ टन मिळवले की १५.२५ टन झाले. त्या बाजूला चाके दोन. म्हणून एका चाकावर ७.६२५ टन. आमच्या उत्तरापेक्षा दीडपटीहून जास्त!

दुसरा हिशेब : व्यास

चाक रुळाला अगदी छोट्या जागी टेकते. चाक जितके मोठे आणि रूळ जितका रुंद, तितका भार पसरतो. म्हणून भाराला चाकाचा व्यास आणि रुळाची उपयोगी रुंदी यांच्या गुणाकाराने भागतात. येणारा आकडा पोलादाला सोसेल त्या मर्यादेत हवा. उदाहरणापुरती ही मर्यादा दर चौरस मिलिमीटरला ५ न्यूटन धरू.

रुळाचा माथा ६० मिलिमीटर रुंद आहे, पण दोन्ही कडा ५-५ मिलिमीटर गोलावलेल्या आहेत. तेथे चाक टेकत नाही, म्हणून उपयोगी रुंदी ५० च. ७,६२५ किलो म्हणजे सुमारे ७४,८०० न्यूटन. त्याला (५ × ५०) ने भागले की व्यास २९९ मिलिमीटर येतो. त्यापुढचे प्रचलित माप ३१५ मिलिमीटर. ते घ्यायचे.

आता आमचे ५ टन धरून पाहा. व्यास १९६ येतो आणि आपण २०० चे चाक बसवतो. मग माल कडेला गेला की दाब मर्यादेच्या दीडपट होतो. चाक त्याच दिवशी तुटणार नाही, पण पृष्ठभागावर खड्डे पडतील, टवके उडतील आणि रूळही खराब होईल. खरा अभियंता चाकाचे पोलाद, वेग आणि क्रेन दिवसात किती तास चालते हेही पाहतो आणि त्यासाठी मानकांचे तक्ते वापरतो.

तिसरा हिशेब : फट

क्रेनच्या चाकाला बहुधा दोन्ही बाजूंना कडा असतात. त्यांना फ्लँज म्हणतात. रूळ या दोन कडांच्या मध्ये बसतो. मग ६० च्या रुळासाठी मधली जागाही ६० चीच ठेवायची का? नाही. इंदूरकडच्या थंडीची पहाट आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालची दुपार यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. १ मीटर पोलाद १ अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. १६ मीटरचा पूल ३० अंशांना ५.७६ मिलिमीटर वाढला. शिवाय रूळ कुठे थोडे आत, कुठे बाहेर असतातच. मधली जागा ८० ठेवली, तर प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर फट मिळते.

फट कमी पडली तर कडा रुळाला घासत राहते. फार झाली तर पूल तिरका होतो आणि कडा रुळावर आदळते. त्या शेडमध्ये एका रुळाखाली चकाकणारा बारीक चुरा पडलेला दिसला. फिटरकाका म्हणाले, "जुने चाक बदलताना व्यास मोजला, कडांमधली जागा कोणी मोजली नाही. तो चुरा म्हणजे चाकाचेच लोखंड." त्या क्रेनखाली रोज माणसे काम करतात, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. मुलगा आयटीआयला जातो म्हटले की आपल्या समाजात आवाज जरा खाली येतो. आमचाही येत असे. त्या दिवशी पदवीधर मुख्याध्यापकाचे उत्तर चुकले आणि फिटरचे बरोबर आले. यंदाच्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवावे असे आम्ही सुचवतो.

स्वाध्याय

१. ट्रॉली रुळापासून ४ मीटरवर असेल, तर जवळच्या एका चाकावर किती भार येईल?

२. रूळ ८० मिलिमीटर रुंद आणि त्याच्या कडाही ५-५ मिलिमीटर गोल असतील, तर ७४,८०० न्यूटनसाठी किमान व्यास किती?

३. एका बाजूचे चाक ३१५ आणि समोरचे ३१६ मिलिमीटर व्यासाचे आहे. दोन्ही एकाच वेळी एक फेरा फिरले, तर कोणती बाजू किती पुढे जाईल? मग पुलाचे काय होईल?

उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवावीत. घरात कोणी कारखान्यात असेल, तर आधी त्यांना विचारावे.