न मिटणारा डोळा



गेल्या थंडीत किनवट तालुक्यातील एका कोलाम पोडावर एक आजी मला म्हणाल्या, "सुनेच्या तोंडावरून वारं गेलंय, सिस्टर." सुनेचे तोंड उजवीकडे ओढले गेले होते. डावा डोळा मिटत नव्हता, चूळ भरताना पाणी गळत होते.

मी तिला कपाळाला आठ्या घालायला लावल्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून लकव्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळ बहुधा हलते. शिवाय हात लुळा पडतो किंवा बोलणे अडखळते. तसे असेल तर रुग्णाला तत्काळ मोठ्या दवाखान्यात हलवावे. हिचे हातपाय शाबूत होते, पण डावे कपाळ हललेच नाही. म्हणजे चेहरा हलवणारी सातवी नसच बिघडली होती. ही नस कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून येते. सुजली की तिथेच आवळते. स्कॉटलंडचे शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत स्टिरॉइड सुरू केले, तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते.

डोळ्याला मात्र तेवढीही सवड नसते. उघडे बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून चिकटपट्टी. पूर्वी एका म्हाताऱ्या बाबांना मी "आपोआप बरं होईल" म्हणून परतवले होते. तोंड सरळ झाले खरे, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. ते माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट मी नेहमी पाहते: चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोगातही ही नस निकामी होते. कधी त्याबरोबर संवेदनेची पाचवी नसही जाते. मग डोळा मिटत नाही आणि दुखतही नाही. कुसळ गेले तरी कळत नाही! अशा माणसाने रोज आरशात डोळा पाहावा, लाली दिसताच दाखवावा. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ६ किंवा १२ महिने न चुकता घ्यावी लागतात.

सुनेच्या अंगावर चट्टा नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिला नांदेडला नेले. पाचव्या आठवड्यात गेले, तेव्हा ती फुंकणीने चूल पेटवत होती. पापणी अजून किंचित उघडी राहते, म्हणून रात्रीची पट्टी चालू आहे.